तिसऱ्या ठोक्याआधी

४ फेब्रुवारी

वर्तमानपत्राने मला मोकळे केले तेव्हा संपादक म्हणाले होते, "मजकूर आता कोणी वाचत नाही. तुम्ही व्हिडिओ शिकून घ्या." उभी हयात मी आतल्या पानावर पूर, परिषदा आणि उद्घाटने लिहिली. ती कोणी वाचत नव्हते, हे त्यांनी थोडे आधी सांगायला हरकत नव्हती. असो.

आज व्हिडिओच्या वर्गाला गेलो. फलकावर 'व्हिडिओ' मोठ्या अक्षरांत होते आणि 'प्रायोगिक' बारीक. चाळिशी घरी विसरून शिक्षण घ्यायला निघालेल्याचे असेच होते. वर्ग एका बंद पडलेल्या गॅरेजात भरतो. जमिनीवर ऑइलचे जुने डाग आहेत आणि खुर्च्या कमी आहेत. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. आल्या आल्या त्यांनी दिवे घालवले, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना अंधारबाई म्हणतो.

"बातमीत काय झालं ते दाखवतात," त्या म्हणाल्या. "इथे आपण जे दाखवता येत नाही ते दाखवायचं."

"दाखवता येत नसेल तर दाखवणार कसं?"

"तेच तर शिकायचंय, काका."

वर्गात मी एकटाच काका. बाकी सगळी पुतणे मंडळी.

घरी दादाला सांगितले. दादा जुन्या सामानाचे लिलाव पुकारतो. लोकांची कपाटे, पलंग, शिलाईची यंत्रे त्याच्या हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला घर बदलतात. "म्हणजे पंडित, सिनेमा काढायचा, पण कोणाला कळता कामा नये," तो म्हणाला आणि हसता हसता खोकत बसला. कॉलेजात तर्कशास्त्र शिकल्यापासून मी त्याचा पंडित आहे. त्याचा आवाज अजून बसलेलाच आहे. वहिनी म्हणाल्या, "गुळण्या करा म्हणून किती वेळा सांगायचं?"

९ फेब्रुवारी

वर्ग सोडणार होतो. सोडला नाही. आज कॅमेरा टीव्हीला जोडून टीव्हीकडेच रोखायला शिकवले. पडद्यात पडदा, त्यात पडदा, तळ नाहीच. आमच्या तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात आणि दोष मानतात. इथे तंत्र मानतात.

संस्थेचा कॅमेरा घरी आणून दादाला करून दाखवले. त्याने मध्येच हातोडी घातली. हातोडीमागे हातोडी, दूरवर रांग लागली. "एक वार... दोन वार..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि थांबला.

"तिसरा?"

"तिसरा घाईनं घालायचा नसतो. तो पडला की वस्तू गेली. लिलाव म्हणजे काय, तिसरा ठोका लांबवायची कला."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "तुमची विहीर बुजवा आता, भाऊजी. मला बातम्या बघायच्यात."

१३ फेब्रुवारी

गुळण्यांनी बरे होण्यासारखे नाही. दादाचे स्वरयंत्र काढावे लागणार. सर्जन भला माणूस होता, आडपडदा न ठेवता बोलला. आजार वेळेवर सापडला आहे, माणूस राहील, आवाज जाईल. श्वास गळ्यातल्या भोकातून घ्यायचा. पुढे यंत्र लावून बोलता येईल, पण तो आवाज यंत्राचा.

दादा म्हणाला, "म्हणजे दुकान राहील, माल जाईल."

 वहिनी पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

खिडकीच्या पट्ट्यांची सावली दादाच्या गळ्यावर आडवी पडली होती. चौकट उत्तम होती. हे मला त्या क्षणी सुचायला नको होते. सुचले.

१४ फेब्रुवारी

काही नाही.

१७ फेब्रुवारी

अंधारबाईंनी प्रत्येकाला एकेक मुकी पिन दिली. पिन माइकचीच, पण वायर मुळापाशी कापलेली. ती कॅमेऱ्याच्या भोकात बसवली की कॅमेऱ्याला वाटते, बाहेरचा माइक जोडला आहे. मग तो स्वतःचा कान मिटतो आणि जो माइक नाहीच त्याचे ऐकत बसतो. चित्र येते, आवाज येत नाही. "आवाज ही चित्राची कुबडी आहे," बाई म्हणाल्या. "एकदा काढून बघा, चित्र चालतं का."

आणखी दोन नियम. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावायची. काय टिपतोय ते बघायचे नाही. आणि टिपलेले लगेच उघडायचे नाही, निदान काही आठवडे तरी डोळ्याआड ठेवायचे. घरी हे नियम सांगितले तर वहिनी म्हणाल्या, "बोलायचं नाही, बघायचं नाही, मागचं उकरायचं नाही. हे संसाराचे नियम आहेत, भाऊजी. यासाठी वर्गाला कशाला जायला हवं?"

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाऊन कपडे धुण्याच्या यंत्राची काच टिपली. पिन इवलीशी, काळ्यावर काळी, वर रबराची झाप. चष्मा नसल्यामुळे बसवताना बराच वेळ चाचपडलो. पण एकदा बसली ती पक्की बसली. लाँड्रीवाला म्हणाला, "यंत्र बिघडलंय का?" म्हटले, नाही. "मग बघताय काय?" 

१९ फेब्रुवारी

लघुपट सुचला. दादाचा आवाज जाणार, तर आवाजाच्या जाण्याचाच लघुपट. बैठकीत दादा, हातात हातोडी, बोलतोय. एका बैठकीवर दुसरी बैठक चढवायची, दोन दादा एकमेकांत विरघळवायचे. मध्येच टीव्हीतली अनवस्था. शेवटी रिकामी खुर्ची आणि नुसता आवाज. अंधारबाईंना कल्पना आवडली. "खुर्ची आधी आणा," एवढेच म्हणाल्या.

दादाला विचारले. तो लगेच तयार झाला, इतका की मला शंका आली. "मेलेल्या माणसाचा आवाज मागे राहतो, असं ऐकलंय," तो म्हणाला. "माझं उलटं होणार. आवाज जाणार आणि मी मागे राहणार. मग मला त्याला कधी भेटावंसं वाटलं तर? घे बाबा टिपून. नीट घे."

खरेच, त्याचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. फोनवर हा माणूस 'बोल' आणि 'ठेवतो' यांपलीकडे जात नाही.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "भाऊजी, मला तुमच्या प्रयोगातलं काही नको. हे जिन्यातून हाक मारतात ना, तेवढी घ्या. बसलेल्या आवाजात का असेना."

ती हाक सगळ्या इमारतीला पाठ आहे. लिलावघरातून परतताना दादा मधल्या वळणावर थांबतो आणि ओरडतो, "मालकीणबाई! गिऱ्हाईक आलंय!" आणि वहिनी हातात असेल ते टाकून, "आले, आले!" लग्न झाल्यापासूनचे आहे. गेला महिनाभर तो जिना गुपचूप चढतो.

म्हटले, घेऊ की. त्यात काय!

२२ फेब्रुवारी

पहिली बैठक. खिडकीतला उजेड डावीकडून, खुर्ची भिंतीपासून सुटी, मागे काही नाही. काळी पट्टी तशीच ठेवली. दादा पुष्कळ बोलला. एका म्हाताऱ्याने विकायला काढलेला स्वतःचाच पलंग शेवटची बोली लावून परत कसा घेतला, ते सांगितले. मला वाटते तो पलंगच होता. मी तेव्हा हातोडीच्या दांड्यावर येणारी चमक बघत होतो. चमक फार सुरेख होती.

मध्येच म्हणाला, "ऐकतोयस ना रे?"

"कॅमेरा ऐकतोय."

"मी तुला विचारलं."

२५ फेब्रुवारी

दुसरी बैठक. दादा आज लवकर दमला. आवाज चाळणीतून वाळू पडावी तसा. मी त्याला तेच वाक्य चार वेळा म्हणायला लावले, एकावर एक चढवायचे म्हणून. चौथ्या वेळी हातोडी मांडीवर ठेवून म्हणाला, "पंडित, मी काय मंत्र आहे का? घोकतोयस कशाला?"

वहिनींनी पुन्हा आठवण केली. म्हटले, जिन्यात उजेड कमी आहे, दुपारी बघू. दुपारी दादा झोपला. मग म्हटले, ती हाक शेवटी घ्यावी. चित्रपटात तिची जागा शेवटीच आहे. वहिनी म्हणाल्या, "चित्रपटात असेल."

टिपलेले उघडून बघावे असे दोनदा मनात आले. पण नियम म्हणजे नियम. खरे सांगायचे तर नियमाचे बरे वाटले. तो आवाज आत्ताच कशाला ऐकायचा?

१ मार्च

अंधारबाईंनी सगळ्यांकडून मुक्या पिना परत गोळा केल्या. माझी सापडेना. पिशवी पालथी घातली, खिसे उलटे केले. कॅमेरा घरी स्टँडवरच ठेवला होता. म्हटले, "हरवली बहुतेक." बाई म्हणाल्या, "असू दे. सापडली की द्या." एका वायर कापलेल्या पिनेसाठी एवढी शोधाशोध केली, याचे माझे मलाच हसू आले.

४ मार्च

उद्या दादाला दाखल करायचे. आज शेवटची बैठक.

बाईंनी एक युक्ती सांगितली होती: माणसाला कॅमेऱ्याजवळ एकटे सोडा. समोर कोणी नसले की तो वेगळा बोलतो. दादाला सांगितले तर म्हणाला, "हे मात्र शहाणपणाचं शिकवलं. चालता हो." वहिनी दवाखान्यासाठी टॉवेल, चपला आणायला बाहेर गेल्या होत्या. मी कॅमेरा चालू केला आणि खाली उतरलो. लाँड्रीपर्यंत गेलो, यंत्रातले कपडे बघितले, परत आलो.

दादा खुर्चीत घामाघूम बसला होता. गळ्याच्या शिरा अजून वर आलेल्या.

"झालं?"

"झालं. शेवटचं नीट आलंय का, बघून ठेव."

म्हटले, बघायचे नसते.

वहिनींनी आल्यावर जिन्याच्या हाकेचे विचारले. दादाने डोळ्याने मला गप्प राहायला सांगितले आणि म्हणाला, "आता कुठे जिना उतरायला लावतेस? दे, टॉवेल बघू." वहिनींनी टॉवेल दिला. माझ्याकडे बघितले नाही.

६ मार्च

शस्त्रक्रिया झाली. सगळे नीट झाले, असे म्हणतात.

१२ मार्च

दादाच्या उशाशी पाटी ठेवली आहे, लहान मुलांची असते तशी. पहिले काय लिहील याची मला उत्सुकता होती. लिहिले, "चहा." तो अजून द्यायचा नाही. मग लिहिले, "पंडित, बोल काहीतरी. आता ऐकायला वेळच वेळ आहे."

 एवढी भाषा शिकलो. आणि त्याला खोलीच्या खिडकीबद्दल सांगत बसलो.

खोकला तरी तोंडातून आवाज येत नाही. हवा गळ्यातूनच जाते. वहिनी दर वेळी दचकतात, कारण तोंड उघडलेले दिसते आणि फुसकारा गळ्यातून येतो.

२१ मार्च

दादा काल घरी आला. आज पुढच्या खोलीत टीव्हीला कॅमेरा जोडून मी एकट्याने सगळे उघडले.

पहिली बैठक. उजेड डावीकडून, हातोडीवर चमक. दादाचे ओठ हलत होते. आवाज वाढवला. आणखी वाढवला. टीव्हीचा स्वतःचा सूं असा आवाज येऊ लागला. दुसरी बैठक. तिसरी. वाटले टीव्ही बिघडला. बातम्या लावल्या, निवेदिका खच्चून ओरडली.

कॅमेऱ्याची झाप उचलली. पिन तिथेच होती.

पिन काढून तळहातावर घेतली. अभावाचे प्रकार मी कधी काळी मुखोद्गत केले होते. वस्तू होती आणि मोडली, हा एक अभाव. वस्तू तिथे कधी नव्हतीच, हा दुसरा. दादाच्या गळ्यात पहिला आहे. दुसरा मी केला.

२२ मार्च

दादाला सांगितले. त्याने पाटी पुढे ओढली. मग लिहिले, "म्हणजे मी एवढा वेळ मुक्यानं बोललो? सरावच झाला." आणि हसला, आवाज न करता. मला हसता आले नाही. पाटी पुसून लिहिले, "तिला मी सांगू का?" म्हटले, नको, माझे मी सांगतो.

वहिनी भांडी घासत होत्या. सांगून झाले तरी नळ चालूच होता. मग त्यांनी तो बंद केला.

"सगळं?"

"सगळं."

"आणि हाक?"

"ती घ्यायची राहिली."

"राहिली," वहिनी म्हणाल्या. पुन्हा नळ सोडला.

लिलावघरातल्या एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये दादाचा आवाज निघाला. एका कपाटाची बोली आहे, एक वार, दोन वार, मागे गलका. धावत आणून वहिनींना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला. "हा दुकानातला आहे, भाऊजी. घरातला नाही."

२७ मार्च

घरात आता दोन माणसे बोलत नाहीत. एकाला कंठ नाही, दुसरीला इच्छा नाही. मी दोघांच्या वाटचे बोलायला जातो आणि माझेच मला नकोसे होते. वहिनी वाढतात, ताट सरकवतात, झाले. 'भाऊजी' हा शब्द घरातून गेला.

वर्गात जाऊन पिन परत दिली. काय झाले ते सांगावे लागले, कारण बाई टिपलेले मागत होत्या. अंधारबाईंनी भिंतीवर लावून बघितले. 

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का, हाच तुमचा चित्रपट आहे. आवाज जाण्याचा चित्रपट, आणि त्यात आवाजच नाही. काहीही जोडू नका. मी हा प्रदर्शनात लावीन."

मी म्हटले, "बाई, हा चित्रपट नाही. हा माझा दादा आहे."

 उठून त्यांनी दिवा लावला. वर्ग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. उजेडात त्या अगदीच पोरसवदा दिसल्या. माझा राग निघून गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही.

३ एप्रिल

कॅमेरा परत करायचा म्हणून आज त्यातले सगळे टीव्हीवर लावून शेवटचे बघायला बसलो. दादा आपणहून येऊन शेजारी बसला. गळ्याला फडके, हातात हातोडी. पडद्यावरचा दादा बोलत होता, खुर्चीतला ऐकत होता. म्हणजे बघत होता.

मी विचारले, "हे काय सांगत होतास?"

त्याने पाटी उचलली आणि एकच शब्द लिहिला. "ओळख."

"मला ओठ वाचता येत नाहीत."

पाटी पुसली. "माझ्यासमोर बसला होतास." मग खाली, "१ ठोका: नाही. २: जवळ. ३: दिला."

खुर्चीच्या हातावर हातोडी आपटून त्याने सुरुवात केली. म्हटले, "पलंगवाला म्हातारा?" तीन ठोके. पुढचे वाक्य? एक. एक. दोन. मी त्याच्या ओठांबरोबर माझे ओठ हलवू लागलो. पलंगाचा पाय मोडका होता, हे मला आज कळले. म्हाताऱ्याची बायको त्यावर गेली होती, हेही आज. बैठकीत माझ्या हातभर अंतरावर तो हे सांगत होता. चार वेळा म्हणायला लावलेले वाक्य मात्र मला एकदाही ओळखता आले नाही. दादाने शेवटी हात हलवून पुढे जायला सांगितले.

मग ती शेवटची बैठक आली, ज्यात मी नव्हतो. आधी दोनदा ती डोळ्यांखालून गेली होती, पण तेव्हा मला फक्त आवाज नसल्याचेच दिसले होते. दादा खुर्चीत बसून होता. मग उठला. चौकटीतून गेला. रिकामी खुर्ची. परत आला तो दाराकडे तोंड करून उभा राहिला, खुर्चीची पाठ धरून, जिन्याचा कठडा धरावा तशी. छाती भरून घेतली. ओठ मिटले, मोठे उघडले, फाकले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. दम खाल्ला, आणि पुन्हा तेच.

मी दादाकडे बघितले. तो माझ्याकडे बघत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तिथून कपबशा विसळल्याचा आवाज येत होता.

मला कळले होते, पण तोंडातून निघेना. धाकट्या दिराने मारायची हाक नव्हे ती. दादाने एक ठोका मारला. मी अजून काही बोललोच नव्हतो.

पडद्यावर त्याने पुन्हा छाती भरली. मी त्याच्याबरोबर भरली. ओठ मिटले तेव्हा मिटले, उघडले तेव्हा उघडले, आणि त्याच्यासारखाच पहिल्या अक्षरावर रेंगाळत, होता नव्हता तेवढ्या आवाजात ओरडलो,

"मालकीणबाई! गिऱ्हाईक आलंय!"

"आले, आले!"

आत कुठलीशी बशी खाली पडली. नळ वाहत राहिला. वहिनी दारात आल्या, कोपरापर्यंत फेस. त्यांनी आधी माझ्याकडे बघितले. मग टीव्हीकडे. तिथे दादा दाराकडे तोंड करून अजून हाक मारत होता.

दादाने हातोडी उचलली. एक ठोका दिला. वहिनींकडे बघत दुसरा दिला.

हातोडी पुन्हा वर गेली आणि वरच राहिली.